कंपनीचे १२ लाख घ्या, पण खुर्ची देऊ नका

प्रश्न नाशिकच्या दोघा मित्रांचा आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी देवनागरी जोडाक्षरं न तुटता पीडीएफ तयार करणारी एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कोणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारा तयार कोड, लिहिली. आता पतसंस्थांच्या पासबुकांपासून शाळांच्या दाखल्यांपर्यंत ती बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. दोघेही दिवसा नोकरी करून रात्री हे काम करतात. इंदूरच्या एक बाई दोन वर्षांपासून मदत करतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक छपाईत टिकतो की नाही, याच्या सगळ्या चाचण्या त्यांनीच लिहिल्या. आता एका कंपनीने वर्षाला १२ लाख रुपये देऊ केलेत. बदल्यात त्यांना मेंटेनरांमध्ये, म्हणजे कोडमध्ये काय घ्यायचं ते ठरवणाऱ्यांमध्ये, एक जागा आणि त्यांच्या मागण्यांना प्राधान्य हवंय. दोघे विचारतात: पैसे घ्यावेत का, ट्रस्ट काढावा का, आणि उद्या आमचंच पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा?

उत्तर आधी देतो. पैसे घ्या, जागा देऊ नका. आणि सही करण्याआधी दोन-तीन संध्याकाळी एकत्र बसून एक पान लिहून काढा: निर्णय कोण घेतं, कसा घेतं आणि किल्ल्या कोणाकडे आहेत. ट्रस्टचा विषय सध्या बाजूला ठेवा. मी १८ वर्षं अशीच एक लायब्ररी सांभाळतोय आणि यातल्या बहुतेक गोष्टी मला फार उशिरा कळल्या. तुम्हाला त्या वेळेवर कळाव्यात म्हणून सविस्तर लिहितो.

पैशाच्या चर्चेत किल्ल्यांचा विषय नेहमी मागे पडतो, म्हणून तिथूनच सुरुवात. आमच्याकडे पॅकेज (लायब्ररीची तयार आवृत्ती) प्रकाशित करण्याचा अधिकार एकाच सहकाऱ्याच्या खात्यावर होता आणि लॉगिनला लागणारा दुसरा, टू-फॅक्टरचा कोड त्याच्या फोनवर निघायचा. एका वर्षी गणपतीला तो गुहागरजवळच्या गावी गेला, विहिरीवर पाणी शेंदताना खिशातला फोन आत पडला. त्याच आठवड्यात आमच्या कोडमध्ये गंभीर सुरक्षा-दोष सापडला. दुरुस्ती चार तासांत झाली, तपासूनही झाली आणि तशीच पडून राहिली. रिकव्हरी कोड त्याने छापून ठेवले होते, पण पुण्याच्या घरी, कुलूपबंद कपाटात. गौरी-गणपती करून तो परत येईपर्यंत आठ दिवस गेले. एका रुग्णालयाची संगणक-यंत्रणा सांभाळणाऱ्या बाई रोज सकाळी एका ओळीचा मेल पाठवायच्या: 'आज येईल का?' ते आठ मेल मी अजून जपून ठेवलेत.

तेव्हा आजच यादी करा. डोमेनचं नूतनीकरण कोणाच्या कार्डावर आहे, रिपॉझिटरीचा (कोड ठेवायच्या जागेचा) मालक कोण, पॅकेजचं खातं, आवृत्त्यांवर डिजिटल सही करायची किल्ली, प्रकल्पाचा ईमेल. यातली प्रत्येक गोष्ट किमान दोघांच्या हातात हवी आणि शक्य असेल तर ते दोघे वेगवेगळ्या गावांतले हवेत. इंदूरच्या बाईंना तुम्ही अजून मेंटेनर का केलं नाही, हे तुमच्या पत्रात मला कुठे दिसलं नाही. त्यावर शेवटी येतो.

दुसरी किल्ली देताना घाईही करू नका, कारण त्याची किंमत काय असू शकते हे २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्यांनी पाहिलं. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी साधी लायब्ररी, पण जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी, फावल्या वेळात काम करणारा. २०२२ पासून काही अनोळखी खाती त्याच्या मागे लागली: कामाला उशीर होतोय, दुसरा मेंटेनर घ्या. त्याच काळात 'जिआ तान' या नावाने कोणीतरी व्यवस्थित पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवत होतं. हळूहळू त्याच्याकडे अधिकार गेले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला गेला. तो पकडला गेला केवळ पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरमुळे. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे, लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं आणि तो मुळाशी गेला. या प्रकरणावर बोलताना लोक कोड तपासणीवर बोलतात. मला मात्र त्या एकट्या माणसाचा थकवा दिसतो. थकलेला माणूस मदतीचा हात पुढे आला की तो कोणाचा आहे हे फार तपासत नाही, आणि यात दोष त्याचा नाही. त्याच्या कामावर धंदा उभा करून त्याला एकटं ठेवणाऱ्यांचा आहे. तुम्ही दोघे रात्री जागून काम करता असं लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पैसे घ्यायचं पहिलं कारण हेच.

आता त्या पैशांकडे वळू. नुसत्या देणग्यांवर प्रकल्प चालेल ही आशा सोडून द्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या, वेबवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीतला हार्टब्लीड दोष उघड झाला. जगातल्या वेबसाइटींचा मोठा हिस्सा ज्या कोडवर विसंबून होता, त्याला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस होता एक. दोष २०१२ पासून तिथेच पडून होता. बातमी झाल्यावर त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला. म्हणजे पैसा होता, फक्त मागायची वाट नव्हती. देणगीला लोक धावून येतात ते समोर एक ठळक, संपणारं काम असेल तेव्हा. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा त्याचा जनक टोन रोझेनडालने सांगितलं की एक लाख युरो जमले तर सोर्स कोड सोडवून सगळ्यांना खुला करता येईल. सात आठवड्यांत रक्कम जमली. पण दर आठवड्याला वीस इश्यू (वापरणाऱ्यांच्या तक्रारी-सूचना) वाचून उत्तरं देण्यासाठी कोणी वर्गणी काढत नाही.

कंपन्यांच्या बाबतीत एक साधी गोष्ट मला दहा वर्षांनी उमगली. तिथल्या इंजिनिअरला तुम्हाला पैसे द्यायचे असतात, पण देणगी मंजूर करून घ्यायला त्याला वर पाच जणांना समजवावं लागतं. तेच 'वार्षिक सपोर्ट' असं लिहिलेलं बिल आलं, तर खरेदी विभाग ते नेहमीच्या वाटेने पास करतो. म्हणून या १२ लाखांना प्रायोजकत्व म्हणू नका, सपोर्ट करार म्हणा.

आणि त्या करारात तास लिहा. 'प्राधान्य' हा शब्द तसाच राहिला, तर तो तुमच्या सगळ्या रात्री खाऊन टाकेल. हिशेब करून बघा: तासाला २,००० रुपये धरले तर १२ लाखांत ६०० तास होतात, म्हणजे महिन्याला ५०, प्रत्येकी २५, तेही नोकरी सांभाळून. एवढे तास त्यांच्या एकट्याच्या कामाला गेले तर प्रकल्पाला उरलं काय? माझा सल्ला, त्यांच्या कामाला महिन्याला ३० तासांची मर्यादा घाला. त्याचे वर्षाचे ७ लाख २० हजार झाले. उरलेले ४ लाख ८० हजार प्रकल्पाच्या रोजच्या देखभालीचे आहेत, हे करारात सरळ लिहा: रिलीज, पुल रिक्वेस्टची (इतरांनी पाठवलेल्या बदलांची) तपासणी, सुरक्षा-दुरुस्त्या, चाचण्यांच्या सर्व्हरचं भाडं. कंपनीलाही त्याचाच जास्त उपयोग आहे, त्यांना ते अजून ठाऊक नसेल एवढंच.

करारातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मी आमच्या करारातून जसंच्या तसं देतो: 'ठरलेल्या तासांत कंपनीने सुचवलेल्या कामांवर मेहनत घेतली जाईल, ते काम मुख्य कोडमध्ये घ्यायचं की नाही, हा निर्णय प्रकल्पाच्या नेहमीच्या पद्धतीने होईल.' यावर वकील भांडतील, भांडू द्या. पण हे वाक्य सोडू नका. आणि सुरक्षा-दोषाची आगाऊ बातमी पैसे देणाऱ्यांना विकू नका. पतसंस्थेला आणि विमा कंपनीला दुरुस्ती एकाच दिवशी मिळाली पाहिजे.

अजून एक काम आधी करा: तुमच्या नोकरीचे करार काढून वाचा. बाहेरचं उत्पन्न चालतं का आणि नोकरीच्या काळात लिहिलेल्या कोडवर हक्क कोणाचा, ही दोन कलमं बघा आणि मालकाकडून लेखी परवानगी घ्या. पैसे सुरू झाल्यावर ही परवानगी मागणं फार अवघड जातं.

एकाच कंपनीवर विसंबण्याचा धोकाही मी भोगलाय. एका कंपनीने आम्हाला तीन वर्षं चांगले पैसे दिले. त्यांच्या भरवशावर आम्ही एका मुलाला पूर्ण वेळ घेतलं, हुशार आणि कष्टाळू मुलगा. मग तिथला आमचा कैवारी व्यवस्थापक दुसरीकडे गेला, नव्याने खर्चाची यादी पाहिली आणि मार्चअखेरीस करार संपला. त्या मुलाला मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोलावून सांगितलं. त्याच्या घरी नुकतंच बाळ झालं होतं. तेव्हापासून नियम केला: सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय कोणाला पगारावर घ्यायचं नाही, आणि एका देणाऱ्याचा वाटा निम्म्याच्या वर गेला की त्या तिमाहीत दुसरा देणारा शोधणं हेच पहिलं काम. तुमच्याकडे सध्या देणारा एकच आहे, म्हणून नोकऱ्या सोडू नका. दरम्यान झिरोधा या शेअर-दलाल कंपनीच्या फ्लॉस-फंडकडे, म्हणजे ओपन सोर्ससाठीच्या निधीकडे, अर्ज करा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला हा निधी वर्षाला दहा लाख डॉलरचा असून एका प्रकल्पाला १०,००० ते १ लाख डॉलरपर्यंत देतो. अर्जासाठी फंडिंग डॉट जेसन नावाची फाइल लागते. ती लिहायला एक तास पुरतो, आणि आपल्याला नेमके किती पैसे कशाला हवेत हे लिहून काढावं लागतं तो फायदा वेगळाच.

आता खुर्चीचा मुद्दा. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच असतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला बसलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही: चार फ्लॅटवाला मोठ्या आवाजात बोलू शकतो, चार हात वर करू शकत नाही. चांगल्या चाललेल्या ओपन सोर्स प्रकल्पांनीही आपापल्या पद्धतीने हेच केलंय. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा जनक ग्वीदो व्हॅन रोसम २०१८ च्या जुलैमध्ये एका नव्या चिन्हावरच्या कडवट वादानंतर शेवटच्या शब्दाच्या अधिकारावरून पायउतार झाला. मग लोकांनी पाच जणांची निवडून आलेली सुकाणू समिती नेमली आणि नियम केला की एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त जण तिच्यात नकोत. पोस्टग्रेसच्या कोअर टीममध्ये २०२० मध्ये दोन कंपन्यांचं विलीनीकरण झाल्यामुळे पाचपैकी तीन जण एकाच कंपनीचे झाले. कोणी काही वाईट केलेलं नव्हतं. तरी निम्म्याहून जास्त एका कंपनीचे नकोत या जुन्या संकेतासाठी टीमने दोन नवे सदस्य घेतले. संकेत मोडून चाललं असतं, तरी त्यांनी तो मोडू दिला नाही, याचं मला मोठं अप्रूप आहे.

अनेक ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाचे फाउंडेशनची रीत तुम्हाला सगळ्यात जवळची वाटेल. तिथे मेंटेनरपद माणसाला मिळतं, कंपनीला नाही. माणसाने नोकरी बदलली तरी पद त्याच्याबरोबर जातं. कोडमधल्या बदलाला कोणीही मेंटेनर नकार देऊ शकतो, पण तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसलेला नकार धरला जात नाही. दोघा-तिघांच्या प्रकल्पाला एवढं पुरतं. घटनाबिटना लिहीत बसू नका. एका पानात तीन गोष्टी आल्या म्हणजे झालं: रोजचे बदल एका मेंटेनरच्या संमतीने, मोठे बदल सगळ्यांच्या संमतीने आणि आठवडाभर चर्चेला ठेवून, आणि मेंटेनर कसं होता येतं व कसं सुटता येतं. सुटण्याची वाट जरूर लिहा. वर्षभर दिसला नाही तर अधिकार सन्मानाने काढून घ्यायचे, परत आला की परत द्यायचे. हे आधी लिहिलेलं असलं की कोणाला अपमान वाटत नाही.

आत पैसे कोणाला द्यायचे, यावरून माणसं जास्त दुखावतात. डेबियन या लिनक्स-प्रकल्पात २००६ मध्ये एका गटाने रिलीज वेळेवर व्हावं म्हणून दोन रिलीज व्यवस्थापकांना एकेक महिना पगार द्यायचं ठरवलं. हेतू स्वच्छ होता. पण वर्षानुवर्षं फुकट राबणाऱ्या इतरांना ते लागलं, काहींनी हात आखडता घेतला आणि डिसेंबरात यायची आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली. यावरून पैसे देऊच नयेत असं मी म्हणणार नाही. कोणतं काम पैशाचं आणि कोणतं स्वेच्छेचं, हे आधी सगळ्यांसमोर ठरवा, आणि जमाखर्च दर तिमाहीला उघडा ठेवा. चांगलं गणेश मंडळ विसर्जनानंतर फळ्यावर हिशेब लावतं, देखाव्याच्या खिळ्यांपर्यंत. तसंच.

ट्रस्ट किंवा कलम ८ ची (विना-नफा) कंपनी सध्या नको, कारण वर्षाचे लेखे, सभा, परतावे यांतच तुमच्या संध्याकाळी जातील. शिवाय परदेशातून देणगी घ्यायची तर संस्थेला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्यासाठी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं उघडावं लागतं. केलेल्या कामाचं बिल परदेशी ग्राहकाने भरलं तर ती गोष्ट वेगळी, ती देणगी ठरत नाही. म्हणून दोघांची भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढा आणि बिलं तिच्या नावाने करा. १२ लाखांवर सेवांसाठीची २० लाखांची जीएसटी मर्यादा ओलांडली जात नाही, पण टीडीएस कापून रक्कम येईल, तेव्हा सीएला पहिल्या महिन्यातच भेटा. इतर प्रकल्पांचे पैसे आपल्या नावाने सांभाळणाऱ्या परदेशी यजमान-संस्थेच्या छत्राखाली जाणं हाही मार्ग आहे. त्या साधारण पाच ते दहा टक्के घेतात आणि कागदपत्रं सांभाळतात. मात्र छत्रंही मिटतात: ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने २०२४ च्या सुरुवातीला बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि शेकडो गटांना वर्षभरात दुसरं घर शोधावं लागलं. तिच्यासारख्याच नावाची ओपन सोर्स कलेक्टिव्ह ही वेगळी संस्था आहे आणि ती चालू आहे. नावांत गोंधळू नका.

कंपनी बहुधा अजून एक कागद पुढे करेल: सगळ्यांच्या योगदानाचे हक्क एकीकडे गोळा करणारा. त्यावर सही करू नका आणि स्वतःच्या एलएलपीच्या नावेही असे हक्क गोळा करू नका. सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हाशीकॉर्पने २०२३ मध्ये, रेडिसने २०२४ मध्ये आपलं खुलं लायसन्स बदलून कडक केलं, कारण तिन्ही ठिकाणी ते बदलण्याची ताकद एका कंपनीच्या हातात होती. तिन्ही ठिकाणी फोर्क झाले, म्हणजे जुना खुला कोड घेऊन वेगळे प्रकल्प निघाले: ओपनसर्च, ओपनटोफू, व्हॅल्की. पुढे इलॅस्टिक आणि रेडिसने एजीपीएल या खुल्या लायसन्सचा पर्याय दिला, पण गेलेली माणसं बहुतेक तिकडेच राहिली. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, २००४ पासून वापरतो ती साधी पद्धत घ्या: प्रत्येक कमिटखाली (नोंदवलेल्या बदलाखाली) 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ, म्हणजे हा कोड द्यायचा मला अधिकार आहे याची ग्वाही. हक्क ज्याचे त्याच्याकडे राहतात, त्यामुळे लायसन्स जीपीएलसारखं, म्हणजे बदलही खुले ठेवायला लावणारं असेल, तर सगळ्यांना विचारल्याशिवाय कोणालाच ते फिरवता येत नाही. तुम्हालाही नाही, आणि ते चांगलं आहे.

नाव मात्र नोंदवून टाका. २०१० मध्ये ओपनऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरची माणसं त्याची मालक कंपनी ओरॅकलपासून वेगळी झाली तेव्हा कोड बरोबर नेता आला, नाव नाही. म्हणून लिबरऑफिस हे नाव जन्माला आलं. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज वैयक्तिक अर्जदाराला एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत होतो, सॉफ्टवेअरचा वर्ग ९. पहिल्या बिलातून हा खर्च करा, आणि मोठी संस्था झाली की नाव तिच्याकडे जाईल असं दोघांनी आताच लिहून ठेवा.

कंपनीला उत्तर काय द्यायचं? जागा हवी असेल तर त्यांच्या एका इंजिनिअरला पाठवू दे. त्याने सहा महिने इतरांच्या पुल रिक्वेस्ट तपासाव्यात, इश्यूंना उत्तरं द्यावीत, मग इतर कोणालाही लावतो त्याच कसोटीवर तो मेंटेनर होईल. तो पुढे नोकरी सोडून गेला तर जागा त्याच्याबरोबर जाईल, हेही त्याच पत्रात लिहा. शहाणी कंपनी हे मान्य करते. माझ्या अनुभवात दोघींनी केलं, एकीने केलं नाही, आणि ती एक परत गेली याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पण ते पत्र पाठवण्याआधी इंदूरला फोन करा. दोघांचं पटलं नाही तर तिसरं मत कोणाचं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षांपासून तुमच्या चाचण्यांच्या फोल्डरमध्ये आहे. त्यांना मेंटेनर व्हायचंय का विचारा, ते एक पान त्यांच्याबरोबर बसून लिहा आणि १२ लाखांत त्यांचा वाटा किती तेही त्याच फोनवर बोला. मेल नको, फोनच करा. फोनआधी त्यांची वेळ सांभाळून घ्या. रात्री काम करणारे तुम्ही दोघेच नसाल.